विषय क्रमांक एक : कोल्हापूरच्या फुटबॉल संयोजकांना आणि तालीम मंडळांना खुलं पत्र

कोल्हापुरातल्या फुटबॉल स्पर्धांचे संयोजक, तालीम मंडळांचे पदाधिकारी आणि गॅलरीतले माझे भाऊबंद,
सर्वांना सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वी येत्या हंगामाच्या तयारीची बैठक झाली. मी मागच्या रांगेतल्या खुर्चीत होतो. दोन तास चर्चा चालली. बक्षिसाची रक्कम, करंडकाची उंची, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं, हलगी-घुमकं आत सोडायचं की दारात थांबवायचं, सगळं झालं. जखमी खेळाडूच्या औषधोपचाराचं काय, हा विषय 'ऐनवेळचे विषय' या सदरात होता. ऐनवेळ आली तेव्हा चहा आला, आणि अध्यक्षांच्या परवानगीने बैठक संपली. मी हात वर केला होता. कुणाला दिसला नसेल. नंतर चहा घेताना एकजण म्हणाला, "काका, खेळ म्हटला की लागायचंच. एवढं मनावर घेऊ नका."

मनावर घेतलंय, म्हणून हे पत्र.

मी कोण ते आधी सांगतो. उद्यमनगरात लेथवर तीस वर्षं काढली. आजोबा मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते, तिथून आमचं घर कोल्हापुरात आलं. मी ख्रिस्ती. आमच्या मंडळीत वडील म्हणून काम बघतो. मंडळी म्हणजे चर्चची, घरातली नव्हे. घरातल्या मंडळीपुढे मी वडील वगैरे कोणी नाही. रविवारी सकाळी उपासना आणि दुपारी शाहू स्टेडियम, हा क्रम पोरवयापासून चुकलेला नाही. माझी तालीम कोणती ते लिहीत नाही. लिहिलं तर पत्र बाजूला राहील आणि तुम्ही नुसता रंग बघाल.

या गॅलरीत मला चाळीस वर्षांत कुणी धर्म विचारला नाही, हे आधी नोंदवतो. गणपतीत मंडपाला पाट्या मीही ओढल्यात आणि नाताळात आमच्या घरचे कलकल, म्हणजे आमचा गोड फराळ, अख्ख्या गल्लीने खाल्लेत. तेव्हा हे पत्र कुणा बाहेरच्याची तक्रार म्हणून वाचू नका. यातली पहिली तक्रार माझ्याविरुद्धच आहे.

काही वर्षांपूर्वी पेठांच्या संघांत परदेशी खेळाडू यायला लागले, तेव्हाची गोष्ट. नायजेरियाचा एक पोरगा एका मंडळाने हंगामासाठी आणला होता. मंडळाचं आणि त्याचं, दोघांचंही नाव मी घेणार नाही. वय असेल तेवीस-चोवीस. एका रविवारी तो आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, येऊन शेवटच्या बाकावर बसला. मग दर रविवारी येऊ लागला. मराठी एक अक्षर येत नव्हतं, पण गीत सुरू झालं की खालच्या पट्टीत नुसता हुंकार देत सूर धरायचा. त्या सुराने पेटी वाजवणाऱ्या बाई दोनदा मागे वळून बघायच्या. प्रभुभोजनाचं ताट फिरवायचं काम माझं. त्याच्यापुढे ताट धरलं की भाकरीचा तुकडा तो दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायचा, लहान पोराने प्रसाद घ्यावा तसा.

अशाच एका रविवारी दुपारी आमच्या संघाशी त्याचा सामना होता. कॉर्नर घ्यायला तो अगदी आमच्या गॅलरीखाली आला. बॉल ठेवला, चार पावलं मागे सरकला. आणि माझ्या मागच्या पायरीवरून आमचीच पोरं ओरडायला लागली. कोणता शब्द ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यानंतर माकडाचे आवाज. गॅलरी हसली. मी हसलो नाही. पण वळून "ए, गप बसा" असंही म्हणालो नाही. आम्ही एक-शून्यने पुढे होतो आणि मला कॉर्नर वाया जायला हवा होता.

पुढच्या आठवड्यात तो घरी चहाला आला. हिने पोहे केले होते. खाता खाता त्याने सहज विचारलं, लोक मला बघून एक शब्द ओरडतात, त्याचा अर्थ काय? त्याने तो शब्द उच्चारूनही दाखवला, अगदी बरोबर. मी सांगितलं, "ताकदवान. म्हणजे तू लई ताकदीचा आहेस."

त्याच्या पुढच्या सामन्यात तो शब्द पुन्हा आला. त्याने गॅलरीकडे बघितलं आणि हात वर करून सगळ्यांना सलाम केला. आभार मानले त्याने.

तीन-चार वर्षांनी, २०२० साली, वेस्ट इंडिजच्या डॅरेन सॅमीची बातमी वाचली. आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळताना त्याला 'काळू' म्हणायचे आणि तो समजत होता की या शब्दाचा अर्थ दमदार घोडा असा काहीतरी आहे. खरा अर्थ कळल्यावर त्याने जाहीरपणे विचारलं की मला हे कोण कोण म्हणत होतं, पुढे या. मी पेपर घडी करून ठेवला. म्हणजे मी एकटाच खोटं बोललेलो नव्हतो. त्याने काही बरं वाटलं नाही.

आता दुसरी गोष्ट, जिच्यात तुमचा हिस्सा माझ्यापेक्षा मोठा आहे. त्याच हंगामात उपांत्य सामन्यात त्याचा गुडघा फिरला. पडला तो मधल्या रेषेजवळ. स्ट्रेचर नव्हतं. चौघांनी हातांवर उचलून दाराबाहेर नेला आणि रिक्षात घातला. रिक्षात त्याचे पाय मावेनात. एक पाय बाहेर धरून एक कार्यकर्ता शेजारून पळत होता. एमआरआय झाला, लिगामेंट तुटल्याचं निघालं. पहिल्या दिवशी मंडळाकडून दोन शहाळी आली. चौथ्या दिवसापासून फोन लागेना. महिनाअखेरीला त्याला भाड्याची खोली सोडायला लागली. तो आमच्या बाहेरच्या खोलीत तेवीस दिवस राहिला. आमच्या कॉटवर पाय टेकत नव्हते म्हणून खाली स्टूल लावलं होतं. ठरलेल्या पैशातले साठ हजार यायचे होते. ते आजतागायत यायचेच आहेत.

त्या तेवीस दिवसांत चौकात त्याचं डिजिटल, म्हणजे फलक, तसंच होतं. वीस फुटी. बूट बॉलवर, छाती पुढे, खाली मंडळाच्या बत्तीस कार्यकर्त्यांचे गोल फोटो आणि वर 'गोलांचा बादशहा'. बादशहा आमच्या बाहेरच्या खोलीत गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. वळवाच्या पावसात डिजिटल एका बाजूने फाटलं, मग कुणीतरी ते उतरवून भंगाराच्या गाड्यावर पांघरायला घेतलं.

एकाच मंडळावर खापर फोडायला हे लिहीत नाही. बाहेरचे खेळाडू गेले तर आता पेठेतल्या पोरांचं तेच चालू आहे. आमच्या गल्लीतला एक डावा बॅक एकोणिसाव्या वर्षी पायात रॉड घालून घरी बसला. वडील रिक्षा चालवतात, ऑपरेशनला आईच्या पाटल्या गेल्या. जिंकलेल्या सामन्यानंतर त्याला खांद्यावर घेऊन नाचणारे आम्हीच होतो. मणिपूर-मिझोरामकडचा एखादा मुलगा आला की त्याला 'चिनी' म्हणणारेही आम्हीच.

हिरो घडवायचा नाद मला नवा नाही, म्हणून उपदेश करायचा मला फारसा अधिकार नाही. १९८६ च्या जूनमध्ये रात्री साडेअकराला दूरदर्शनवर अर्जेंटिना-इंग्लंड सामना लागला, तेव्हा गल्लीतल्या एकुलत्या एका रंगीत टीव्हीपुढे मी मांडी घालून होतो. मॅराडोनाने हाताने गोल केला. नंतर म्हणाला, थोडं मॅराडोनाचं डोकं आणि थोडा देवाचा हात. पुढच्या रविवारी मी देवळात बसून देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये ही आज्ञा म्हटली, आणि मनात त्या गोलावर हसतच होतो. चारच मिनिटांनी त्याने निम्मं मैदान पार करून दुसरा गोल केला, म्हणून पहिला पचला. दुसरा झाला नसता तरी मी पचवलाच असता.

वाढत्या वयात वाटायला लागलं की हिरो निवडायचाच तर देवाला मानणारा निवडावा. ट्रिपल जंपवाला जोनाथन एडवर्ड्स मला फार आवडायचा. रविवारी खेळणार नाही म्हणून त्याने १९९१ ची जागतिक स्पर्धा सोडली होती. नंतर त्याने मन बदललं आणि रविवारी उतरायला लागला. ७ ऑगस्ट १९९५ ला गोथेनबर्गमध्ये १८.२९ मीटर उडी मारली. तो विक्रम अजून उभा आहे. ते कात्रण मी लेथच्या वरच्या फळीवर खळीने चिकटवलं होतं. २००७ मध्ये त्याने सांगितलं की आता माझा देवावर विश्वास राहिलेला नाही. कात्रण काढून टाकावं असं मला वाटलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. उडी तीच होती. माणूस माझ्या उपयोगाचा राहिला नाही म्हणून मी त्याला फळीवरून उतरवायला निघालो होतो. डिजिटल उतरवणाऱ्यांपेक्षा मी वेगळं काय करत होतो? कात्रण तिथंच राहू दिलं. ऑईलने काळं झालंय.

आमच्या बायबलात करिंथ नावाच्या ग्रीक शहरातल्या मंडळीला प्रेषित पौलाने लिहिलेली पत्रं आहेत. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठ्या क्रीडास्पर्धा भरत, जिंकणाऱ्याच्या डोक्यावर पाल्याचा मुकुट चढायचा. चार दिवसांत तो पाला वाळायचा, हे पौलाने त्यांना सुनावलंय. त्याच करिंथच्या मंडळीत गट पडले होते. एक म्हणे मी पौलाचा, दुसरा म्हणे मी अपुल्लोसाचा, तिसरा म्हणे मी केफाचा, म्हणजे पेत्राचा. हा भाग देवळात वाचला जातो तेव्हा मला दर वेळी आपल्या पेठा डोळ्यांपुढे येतात. पौलाला त्याच्या नावाने केलेला जयघोषही सहन झाला नव्हता, इथे तर आपण सामना संपल्यावर तालमीच्या नावाने दगड उचलतो.

सामने रविवारी ठेवू नका, अशी माझी मागणी आहे असं काहींना वाटेल. तशी मागणी नाही. एरिक लिडेलची गोष्ट आमच्या घराघरांत सांगतात. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून तो पळाला नाही. मग चारशे मीटर पळाला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. तो शिक्षक-मिशनरी म्हणून चीनला गेला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी वेइशिएनच्या छावणीत त्याला इतर परदेशी लोकांबरोबर कोंडलं. छावणीतल्या मुलांसाठी तो खेळ भरवायचा, मोडलेल्या हॉकी स्टिका दुरुस्त करून द्यायचा. मात्र रविवारी नाही. एका रविवारी पोरांनी आपापली मॅच लावली. पंच नव्हता, मारामारी झाली. त्यानंतरच्या रविवारी लिडेल शिट्टी घेऊन मैदानात हजर. ऑलिम्पिकसाठी जो मोडला नव्हता तो नियम त्याने पोरं एकमेकांची डोकी फोडू नयेत म्हणून मोडला. १९४५ च्या फेब्रुवारीत, सुटका व्हायच्या काही महिने आधी, मेंदूतल्या गाठीने तो त्या छावणीतच गेला. वय त्रेचाळीस.

पदकापेक्षा मला ती शिट्टी मोठी वाटते. म्हणून मागण्यांच्या आधी माझ्याकडून एक देणं लिहितो. आमच्या मंडळीतले आठजण आणि मी, दर रविवारी दुपारी कुठल्याही तालमीच्या गॅलरीत स्वयंसेवक म्हणून उभे राहायला तयार आहोत. काठी नको, टी-शर्ट नको, फोटो नको. पोरं ओरडली की वळून बघायला कुणीतरी पाहिजे, एवढंच. आमच्या पाळकांना हे पटवायला दोन महिने लागले. सुरुवातीला त्यांचं म्हणणं होतं की फुटबॉलचा नादच वाईट. त्यांना एक सामना दाखवला, आता ते ऑफसाईडवरून माझ्याशी वाद घालतात.

आता मागण्या.

खेळाडूचा औषधोपचार ऐनवेळच्या विषयातून काढा आणि पुढच्या बैठकीत विषय क्रमांक एक करा. पेठेतला असो की बाहेरचा, संघात घेतलेल्या प्रत्येक खेळाडूशी लेखी करार करा: पैसे किती, कधी, आणि मैदानात लागलं तर उपचार कोण करणार. कराराची एक प्रत त्याच्या हातात राहू दे, त्याला वाचता येईल त्या भाषेत. संघांनी मिळून विमा उतरवला तर कुणा एकावर बोजा पडणार नाही. बक्षिसाचा आकडा थोडा कमी झाला तरी चालेल; करंडक फूटभर लहान झाला म्हणून कुणी खेळायचं सोडणार नाही.

स्ट्रेचर, डॉक्टर आणि रुग्णवाहिका दारात आल्याशिवाय पंचांनी शिट्टी वाजवू नये. यावर जास्त काय लिहायचं?

रंगावरून, चेहऱ्यावरून, जातीवरून घोषणा आली तर खेळ थांबवा आणि माईकवरून सांगा की का थांबवलाय. दुसऱ्यांदा आली तर त्या संघाचा पुढचा सामना समर्थकांविना होऊ दे. माझ्या तालमीपासून सुरुवात करा. "एवढ्या गर्दीत ओरडणारा ओळखायचा कसा?" असं मला बैठकीबाहेर विचारलं गेलं. २०२३ च्या मे महिन्यात स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात रेआल माद्रिदच्या व्हिनिसियस या काळ्या खेळाडूवर माकडाच्या आवाजांचा मारा झाला. त्या हजारोंतून तिघांना शोधून पुढच्या वर्षी कोर्टाने आठ महिन्यांची कैद सुनावली. आपली गॅलरी तेवढी मोठी नाही. इथे तर कोण ओरडलं ते त्याच्या आजोबांच्या नावासकट सगळ्यांना माहीत असतं. आणि हुल्लडबाजीत पोरं ठाण्यात गेली की त्यांना सोडवायला पहिल्या फोनवर जाणारे पदाधिकारी तुमच्यातलेच असतात. ते जाणं बंद करा. जखमी पोराच्या दवाखान्यात जा.

पैसे कुठून आणायचे, हेही ऐकलं. १९५२ ला खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिम्पिकला पाठवायला पैसे कमी पडत होते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ते याच कोल्हापुरात. तुम्हाला कुणी घर गहाण ठेवा म्हणत नाही. ज्या राजाच्या नावाच्या स्टेडियममध्ये आपण बसतो, त्याने अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात सगळ्यांदेखत चहा घेतला होता. त्याच्या नावाखाली एका काळ्या पोराला माकड म्हणायचं, आणि नंतर शाहू जयंतीला दसरा चौकात पुतळ्याला हार घालायला जायचं, हे मला तरी यापुढे जमणार नाही.

शेवटची मागणी एका मंडळापुरती आहे. त्या मंडळाला आपलं नाव माहीत आहे. साठ हजार रुपये. त्याच्या बँकेचा तपशील माझ्याकडे आहे. अधूनमधून त्याचा फोन येतो. खेळणं सुटलं, आता तो तिकडे शाळेतल्या पोरांना शिकवतो. त्या शब्दाचा खरा अर्थ मी त्याला गेल्या नाताळात फोनवर सांगितला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी सलाम केला होता ना?"

त्याचे बूट आमच्या माळ्यावर आहेत, अकरा नंबरचे. जाताना बॅगेत मावले नाहीत. पैसे निघाले की मला कळवा, त्याच दिवशी बूट मी पोस्टाने पाठवतो.

आपला,
गॅलरीतला एक समर्थक,
उद्यमनगर, कोल्हापूर